नोकरी सोडण्याचे कारण

गुरुवारी सकाळी कंपनीच्या फाटकावर नोटीस लागली आणि नागोरावांवर स्वतःच्याच नोकरीसाठी अर्ज करायची पाळी आली. बॉयलर अटेंडंटची एक कायम जागा भरायची होती. ज्या बॉयलरवर ती भरायची होती, तो बॉयलर नागोराव गेली एकोणीस वर्षं कंत्राटदाराच्या नावाखाली चालवत होते. आता कायमचा माणूस येणार आणि कंत्राटातली माणसं घरी जाणार, असं नोटिशीत खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. अर्ज फक्त ऑनलाइन. मुदत शनिवारी दुपारी चारपर्यंत.

"म्हणजे मीच माझ्या जागेवर वशिला लावायचा का?" नागोरावांनी फाटकावरच्या वॉचमनला, रामनाथला विचारलं.

"हम क्या जानें, नागोरावजी," रामनाथ म्हणाला. "ऑनलाइन है तो ऑनलाइन है."

संध्याकाळी कुंभवलीच्या खोलीत त्यांची मुलगी अपेक्षा मोबाइल घेऊन बसली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे घरातलं सगळं इंग्रजी आणि सगळं ऑनलाइन तिच्याच गळ्यात. एका पानाचा अर्ज असेल असं वाटलं होतं. पानं निघाली नऊ.

"पप्पा, पहिला प्रश्न. याआधी तुम्ही आमच्या कंपनीच्या आवारात कधी आला आहात का?"

"कधी आलो नाही ते विचार म्हणावं."

"हो किंवा नाही, एवढंच आहे."

"मग हो लिही."

"हो केलं की खाली अजून एक रकाना उघडतो. भेटीचं कारण लिहा म्हणतंय."

नागोरावांनी डोक्याला हात लावला. एकोणीस वर्षं माणूस पहाटे उठून डबा घेऊन जातो, त्या जाण्याला भेट म्हणायची? काय लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते काय? पण रकाना रिकामा ठेवला की तो लाल व्हायचा आणि पुढचं पान काही उघडायचं नाही. भेटीचं कारण, बॉयलर चालवणे, असं लिहून ते पुढे सरकले.

"आमच्याच कंपनीत काम करावंसं का वाटतं? किमान दीडशे शब्द."

चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, गोजराबाई भाकरी थापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "लिही, पोट हाय म्हणून."

"तीन शब्द झाले, आई. एकशे सत्तेचाळीस राहिले."

ते एकशे सत्तेचाळीस शब्द अपेक्षाने कुठून आणले ते तिचं तिला माहीत. नंतर पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता हे विचारून झालं. (बॉयलरसमोर, अजून कुठे?) छंद विचारून झाले. सहावं पान येईपर्यंत सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि खरं जुलमाचं पान तर पुढेच होतं. त्यात लिहायचं होतं की याआधी कुठे कुठे नोकरी केली. नोकरी लागल्याची तारीख, सुटल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नागोरावांची नोकरी एकोणीस वर्षांची असली तरी कागदावर ती सलग नव्हती. दर सात महिन्यांनी कंत्राटदार सगळ्यांना 'ब्रेक' द्यायचा. म्हणजे आठ दिवस नोकरी गेलेली आणि नवव्या दिवशी नवी लागलेली. नोकरी सलग झाली की माणूस हक्क मागायला लागतो, म्हणून वरच्यांनी ठरवलेली ही तजवीज. बरं, त्या आठ दिवसांत तरी माणसाला घरी बसू द्यावं! पण नाही. तिसऱ्या दिवशी निरोप यायचाच, की नागोराव, बॉयलर पेटत नाही, येऊन जा. जायचं, पेटवायचा आणि परत यायचं. हजेरी नाही. कंत्राटदार सहा बदलले, ब्रेक बदलला नाही.

अपेक्षाने बोटांवर हिशेब केला आणि तिचे डोळे पांढरे झाले. "पप्पा, तुम्ही तेहतीस वेळा नोकरी सोडलीय."

"एकदाही सोडली नाही."

"फॉर्मला तसं चालत नाही. प्रत्येक वेळचं कारण लिहायचं. यातलंच एक निवडा म्हणतंय. चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न किंवा इतर."

"तेहतीस लग्नं लिही!" गोजराबाई कडाडल्या. "मेल्यांनीच घरी बसवायचं आणि मेल्यांनीच विचारायचं, कामून गेलास म्हणून!"

शेवटी 'इतर' निवडून अपेक्षाने लिहिलं, 'कंपनीच्या सांगण्यावरून आठ दिवस ब्रेक दिला.' आणि हेच तेहतीस वेळा. नागोराव पेटीतल्या जुन्या वहीतून तारखा वाचत होते, आणि दर दहा मिनिटांनी ती वेबसाइट आपली बाहेर हाकलत होती. परत आत यायचं तर नागोरावांच्या मोबाइलवर आकडे येणार, ते टाकायचे, मग पान उघडणार. शुक्रवारी संध्याकाळी नवव्या पानावर पोचले तर सर्व्हरवर गर्दी झाली आणि सगळं जाम. भरलेलं जपून ठेवलंय, उद्या या, असं सांगून वेबसाइट झोपी गेली.

शनिवारी नागोराव कामावर गेले, कारण दुसरा पर्यायच नव्हता. त्यांच्या जोडीचा अंकुश उमरोळीचा. त्याने आधीच रजा टाकली होती. "मामा, मी पन तोच फॉर्म भरायला बोईसरला जातंय," तो म्हणाला होता. "तुमाला जागा लागली तरी माजा राग नाय, मला लागली तर तुमी करू नका." त्यामुळे बॉयलरवर नागोराव एकटेच. आणि रासायनिक कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. फाटकावर बंद करून खणात जमा करायचा, संध्याकाळी परत घ्यायचा.

दुपारी एक वाजता बॉयलरजवळचा इंटरकॉम वाजला. फाटकावरून रामनाथ बोलत होता. "नागोरावजी, बिटिया का फोन आया है. कहती है मोबाइल पे नंबर आया होगा, जल्दी बताओ."

आकडे आले होते आणि मोबाइल खणात बंद पडून होता. "रामनाथ, तू चालू करून बघ की!"

"नहीं भैया. जमा मोबाइल को हाथ लगाया तो मेरी नौकरी जाएगी. मालिक खुद आए."

आकडे चालणार तीन मिनिटं. बॉयलरपासून फाटक चार मिनिटांवर. आणि पेटलेला बॉयलर माणसाशिवाय सोडायचा नाही, हा साधा कायदा. तो मोडणारा अटेंडंट नागोरावांनी आजवर पाहिला नव्हता आणि स्वतः व्हायची तयारी नव्हती. त्यांनी शिफ्टच्या विक्रम साहेबांना इंटरकॉम लावला. "साहेब, पंधरा मिनिटं कुणीतरी द्या."

"आज कोण देऊ? बॉयलरचं लायसन असलेला तुमच्याशिवाय आहे कोण? बघा जरा सांभाळून."

अडीच वाजता परत इंटरकॉम. अपेक्षाने परत आकडे मागवले होते, ते परत खणातच संपले होते. आणि वेबसाइट तिला सांगत होती, आता एकच संधी, नाहीतर खातं चोवीस तास बंद.

नागोरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बॉयलरच्या जागेसाठी अर्ज, त्याच बॉयलरने पाय बांधून ठेवलेत! आणि हे साहेब म्हणणार, सांभाळून घ्या! एकोणीस वर्षं दुसरं काय केलं? ते उठले. विक्रम साहेबांना रीतसर कळवलं, वहीत वेळ लिहिली आणि बॉयलर बंद करायला घेतला. वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवला, आग विझवली आणि प्रेशरचा काटा उतरायची वाट बघत बाकावर बसले.

पाव तासात बाहेर पळापळ. विक्रम साहेब पुढे आणि एचआरचे मनीष साहेब मागे. मनीष साहेबांनी बॉयलर हाऊस बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"नागोराव, काय चालवलंय हे? तिकडे माल थंड पडतोय!"

"साहेब, फॉर्म भरायला फाटकावर जायचंय. पेटता बॉयलर सोडता येत नाही, म्हणून विझवला."

"किती वेळ लागेल?"

"प्रेशर उतरायला एक तास. फाटकावर जायला चार मिनिटं, यायला चार. मग परत प्रेशर चढवायला—"

"मनीष, आधी याचा फॉर्म भर!" विक्रम साहेब ओरडले. "आख्खा लॉट फुकट जाईल माझा!"

"हो, हो. नागोराव, तुम्ही पेटवा. फॉर्म मी बघतो."

नागोरावांनी बॉयलर पेटवला. मनीष साहेबांनी अटेंडंटच्या केबिनमध्ये स्वतःचा लॅपटॉप आणला. ज्या हाताने मोबाइलबंदीच्या नोटिशीवर सही केली होती, त्याच हाताने नागोरावांचा मोबाइलही आणला. आकडे टाकले. नववं पान उघडलं आणि तेहतीसच्या तेहतीस ओळी लालभडक झाल्या.

"प्रत्येक नोकरीचं प्रमाणपत्र जोडायचं होतं."

"साहेब, कंत्राटदार पगाराची चिठ्ठी देत नव्हता, प्रमाणपत्र कुठलं देतोय? त्यातले दोघं तर वारले."

घड्याळात साडेतीन. इंटरकॉमवर विक्रम साहेब, वाफ किती झाली म्हणून. मनीष साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "थांबा. माझ्या लॉगिनमधून करतो. कागद नसेल तर 'कंपनीने पडताळले' अशी खूण मला करता येते." आणि त्यांनी खुणा करायला सुरुवात केली. दर खुणेला वेबसाइट विचारायची, नक्की का? साहेब म्हणायचे, नक्की. सतराव्या खुणेनंतर ते स्वतःशीच पुटपुटले, "कुणी बनवलाय हा मूर्ख फॉर्म?" कुणी बनवला ते नागोरावांना काय माहीत. ते काट्याकडे बघत राहिले.

चारला पाच कमी असताना अर्ज गेला. वाफही गेली पाइपातून. मनीष साहेब लॅपटॉप काखेत मारून पळाले.

संध्याकाळी नागोराव घरी आले तेव्हा अपेक्षा रडवेली बसली होती. "पप्पा, अर्ज गेला. आणि दोन मिनिटांत नाकारला पण. वयाची अट पंचेचाळीस आहे. तुम्ही अठ्ठेचाळीस."

"जन्मतारीख तर पहिल्याच पानावर विचारली होती!"

"हो. आणि उत्तर नवव्या पानानंतर दिलं."

गोजराबाईंनी त्या वेबसाइटचा, ती बनवणाऱ्याचा आणि त्याच्या पुढच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला, की शेजारचे शिवाजी काका चप्पल न घालताच आले. शिवाजी काका आठ वर्षं कायम होण्यासाठी कोर्टात भांडले होते आणि हरले होते. ते एकेकाळी त्याच औद्योगिक वसाहतीत कामाला होते.

"काय झालं?" म्हणत त्यांनी अपेक्षाच्या हातातला मोबाइल घेतला. कंपनीकडून आलेली अर्जाची पोच त्यात होती. ते एक एक ओळ वर सरकवत गेले.

"नागोराव, हे काय आहे, समजतंय का तुला?"

"नकार हाय."

"नकार खाली आहे. वर बघ. तेहतीस ब्रेक, प्रत्येक कंपनीच्या सांगण्यावरून, आणि प्रत्येक ओळीपुढे कंपनीने पडताळले. खाली एचआरचं नाव आणि वेळ." काका खुर्चीवर बसले. "मी कोर्टात आठ वर्षं ओरडलो की सलग काम केलंय. ते म्हणाले, कागद दाखव. माझ्याकडे कागद नव्हता. असा एक कागद असता ना..." गोजराबाईंनी त्यांना पाणी दिलं.

सोमवारी सकाळी नागोरावांनी कंपनीच्या टपाल खिडकीवर एक साधा अर्ज दिला. मला कायम करावं, पुरावा सोबत जोडला आहे, अशी दोन ओळींची मागणी आणि मागे पोचेची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला आणि कामावर गेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर मनीष साहेब बॉयलर हाऊसमध्ये आले. ते या वेळी पळत आले नव्हते. हातात लेटरहेडवरचा एक कागद. "नागोराव, मॅनेजमेंटने विचार केला. तुम्हाला कायम करतोय. इथे सही करा, बाकी काही भरायचं नाही. फक्त अर्जाची ती शिक्क्याची प्रत आणि ती पोच आम्हाला परत द्या."

नागोरावांनी हात पुसले आणि कागद उजेडात धरून वाचला. पाच ओळी होत्या. शेवटच्या ओळीत रुजू झाल्याची तारीख होती, आजची.

"साहेब, तारीख चुकलीय."

"मग कुठली घालू?"

"तुम्हीच पडताळलीय की. पोचेतली पहिली ओळ."

मनीष साहेबांनी कागद परत हातात घेतला. मग ते बाहेर गेले, कुणालातरी फोन करून आले, आणि खिशातून पेन काढलं. आजची तारीख खोडून त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीची सात जून घातली, शेजारी सही केली. नागोरावांनी कागद परत एकदा पूर्ण वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "पोच माझ्याकडंच राहू द्या, साहेब."