देवीचा उमेदवार

"आपण निवडून येणार ते नळाच्या जोरावर, नारळाच्या नव्हे," असं कमळाकर सायकलवाल्यांनी पनवेलच्या भर बाजारात जाहीर केलं, तेव्हा नगरपालिकेच्या निवडणुकीला तीन आठवडे होते. पन्नास सालानंतरची गोष्ट. समोर उभे होते भातगिरणीवाले काशिरामशेट, आणि त्यांचा खारवाडीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर नारळ फोडून झाला होता. खारवाडी म्हणजे मिठागरात राबणाऱ्यांची वस्ती. तिथल्या बायका अर्ध्या मैलावरून पाणी आणायच्या. खारवाडी ज्याच्या मागे तोच निवडून येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कमळाकरांनी नारळाऐवजी नळाचा नकाशा काढला होता. निळ्या शाईत पाइप, तांबड्या शाईत तोट्या.

माणूस पक्का नास्तिक, पण तिरसट नास्तिक नव्हे. गावदेवीचे पुजारी दाजी गुरव त्यांचे जिवाभावाचे मित्र. ते रोज दुपारी सायकलच्या दुकानात चहाला यायचे. येताना प्रसाद आणायचे, पण देताना "घ्या, खोबरं" एवढंच म्हणायचे. कमळाकरही दाजींना हाक मारायला देवळात गेले की चपला बाहेर काढायचे आणि मनाला बजावायचे, हा मान देवीचा नव्हे, दाजींनी सारवलेल्या जमिनीचा. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग काशिरामशेटच्या माणसांनी पुडी सोडली, की जो देवाला भीत नाही तो कोणाला भिणार? खारवाडी पेचात पडली. नळ तर हवा, पण तो नास्तिकाच्या हातून घ्यावा की नाही? शेवटी वाडीने आपल्या रिवाजाप्रमाणे देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, कमळाकरला मतं द्यावी का, आणि उजवं फूल जणू वाटच पाहत होतं. शेटजींच्या नावाला डावं पडलं. विषय संपला.

वाडीतल्या बायकांची पुढारीण हौसा. ती बातमी घेऊन दुकानात आली आणि आल्याआल्या तिने गल्ल्याला कुंकू लावलं. कमळाकरांचा चेहरा हवा गेलेल्या ट्यूबसारखा झाला. दुसरा कोणी असता तर पेढे वाटत सुटला असता. हे देवळाकडे धावत सुटले.

"दाजी, फूल ओलं होतं, जड होतं. वाऱ्याने पडलं ते."

"वाऱ्यानं पडलं आसंल. पन वारा तुमच्याच बाजूचा व्हता ना?"

"अहो, मी देवीला मानत नाही."

"तुमी नाय मानत. पन ती तुमाला मानते, तिला आमी काय करनार?"

घरी सत्यवतीबाईंचं म्हणणं असं पडलं, की दारी चालत आलेल्या मतांना 'कुठून आलात' असं कोणी विचारतं का? पण त्यांचा नवरा नेमका विचारणाऱ्यांतला. त्याने वाडीत सभा घेतली आणि देवीच्या नावावर मला मत देऊ नका, असं तासभर घसा फोडून सांगितलं. वाडी भारावून गेली. पाया पडणारे उमेदवार तिने पुष्कळ पाहिले होते, मत नको म्हणणारा हा पहिलाच! देवीची पारख उगीच नाही, असं सर्वानुमते ठरलं. दुसऱ्या दिवसापासून लोक भाड्याची सायकल नेताना हँडलला हात लावून तो कपाळाला लावू लागले. वाडीतल्या पारूने तर आपली आजारी शेळी आणून दुकानाच्या खांबाला बांधली. आणि ती चक्क बरीसुद्धा झाली.

कळस केला काशिरामशेटनी. ते भर दुपारी चार गिऱ्हाइकांसमोर आले आणि तावातावाने बोलले. नारळ आम्ही फोडायचे आणि देवीला हाताशी धरायचं तुम्ही? नास्तिक म्हणवता आणि देवाच्या नावावर मतं ओढता, शोभतं का हे? ते कमळाकरांच्या जिव्हारी लागलं. जन्मभर जे जपलं ते दोन फुलांनी धुळीला मिळवलं, असं त्यांना खरोखरच वाटलं.

संध्याकाळी त्यांनी दाजींना गाठलं. या वेळी वाद घालायची उमेद नव्हती.

"दाजी, बारा वर्षं तुम्ही मला प्रसाद खोबरं म्हणून दिलात. तेवढाच मान अजून एकदा ठेवा. वाडीला सांगा, आपापल्या अकलेने मत द्या. मग मी पडलो तरी चालेल."

दाजींनी फुलांची परडी पुढे ओढली. मग म्हणाले, "देवीला इचारावं लागंल."

कमळाकर दुसरीकडे बघत उभे राहिले. दाजींनी फुलं लावली. उजवं पडलं. देवीने वाडीला अक्कल वापरायची परवानगी दिली.

वाडीने ती वापरली. काशिरामशेट दणक्यात निवडून आले. कमळाकरांना एकोणीस मतं पडली. असं का झालं, हे हौसा स्वतः येऊन सांगून गेली.

"राग मानू नका. आमी अकलेनं इचार केला. नळ आनायचा तं सायबांकडं वजन लागतं. शेटची गिरन हाय, मोटार हाय. तुमच्याकडं निस्ता नकाशा. देवीचं आयकलं आसतं तं तुमीच आलं आसतं, पन तुमीच नको बोललात."

आणि जाताना तिने शेटजींना द्यायला तो नकाशाही मागून नेला.

दाजी नेहमीच्या वेळी चहाला आले. अर्धा कप संपल्यावर कमळाकरांनी विचारलं, "दाजी, तुमचं मत कोणाला?"

"तुमालाच. वाडीला मोकळीक दिली, पन आमी पडलो गुरव. आमाला पयला कौल मोडता येत नाय."

कमळाकरांनी उरलेला चहा संपवला. माणसं आपल्या अकलेने वागली याचा त्यांना अभिमान वाटला, अगदी मनापासून वाटला. फक्त खारवाडीत अजून दोनशे गुरव असते तर काय बिघडलं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सत्यवतीबाईंना तर नाहीच नाही.