पहिल्या रिंगीत फोन उचलणारा माणूस

हे लिहिणारच नव्हतो. एक तर ह्यात माझी बेइज्जती आहे. दुसरं, लिहायला कॉम्प्युटर लागतो, आन माझा कॉम्प्युटर सध्या शासनाच्या ताब्यात, पांढऱ्या कपड्यात शिवून, लाखेचं सील मारून ठेवलेला आहे. म्हणून मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करून राह्यलो. चार्जिंग असली का चार ओळी. लाईट गेली का थांबलो.

मी मच्छिंद्र. घनसावंगीत घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर होता. शिकवलं कुणी न्हाई, दुसऱ्याचं बघून बघून शिकलो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचं बॅनर, असलं काही करून द्यायचो. सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी लई कडक. तीन अँटिव्हायरस टाकले होते, तिन्ही फुकटचे. अडचण एवढीच, की पहिला दुसऱ्याला व्हायरस म्हणून धरायचा, दुसरा तिसऱ्याला, आन तिसरा मला. मी माझीच फाइल उघडली का तो विचारायचा, परवानगी कुणाची घेतली. दारात तीन राखणदार ठेवावेत आन तिघांनी मिळून मालकालाच बाहेर उभं करावं, इतकी चोख सुरक्षा होती.

माझा दोस्त गोरक्षनाथ. गावात आम्हाला गुरू-चेला म्हणतात, निस्तं नावावरून. अकलेवरून म्हणायचं तर उलटं म्हणावं लागंल. त्याच्याकडं मेंढरं आहेत. मेंढरं त्याची, पण ऐकायची त्याच्या वडलांचं. धुळाजीतात्या वारले आन कळपानं गोरख्याला मालक मानायचं बंद केलं. पाटाच्या कडंला जाऊन उभी राहायची. हाकललं तरी हालायची न्हाईत. शेवटी गोरख्यानं मोबाईलमधलं तात्यांचं जुनं रेकॉर्डिंग लावून पाह्यलं. तात्यांची हाळी, शिट्टी, मधीच ओवीच्या दोन ओळी. कळप वळला आन सरळ घरी आला. म्हंजे तात्या वारल्यावर बी ड्युटीवर होते.

"मोबाईलचा काय भरोसा न्हाई, तुझ्या कॉम्प्युटरात बी ठेव," म्हणून त्यानं ते माझ्याकडं आणून टाकलं. भरोसा नव्हता ते बराबर होतं. काही दिवसांनी मोबाईल पाटात पडला. गोरख्या नवा घेऊन माझ्याकडं आला आन म्हणला, "टाक तात्याला ह्याच्यात. मेंढरं सकाळधरनं पाटावर उभी हायत."

मी कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीन लालभडक. 'आपला संगणक गंभीर धोक्यात आहे. त्वरित सुरक्षित करा.' आन टीं-टीं-टीं आवाज. खाली हिरवं बटन.

"दाबू नको," गोरख्या म्हणला.

"कामून?"

"एवढं बोंबलून सांगून राह्यलंय म्हंजे त्याला काहीतरी इकायचंय."

मी दाबलं. मेंढरं वळणाऱ्याला कॉम्प्युटरातलं काय कळतं, असं मला वाटलं. स्क्रीन हिरवी झाली. 'अभिनंदन. आपल्या सर्व फाइली सुरक्षित करण्यात आल्या आहेत. त्या उघडण्यासाठी खालील क्रमांकावर संपर्क साधा.' तात्यांच्या फाइलीवर कुलपाचं चित्र आलं. माझे तिन्ही अँटिव्हायरस गप. बाहेरच्या माणसाशी भांडायची त्यांना सवय नव्हती.

"लाव त्याला फोन," गोरख्या म्हणला.

"त्याला न्हाई. आपून अधिकृत ठिकाणी जायचं," मी म्हणलो. मी शिकलेला माणूस.

जिल्ह्याला एक संगणक सुरक्षा जागृती कक्ष आहे. त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. एक बाई म्हणली, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मंग 'सावध राहा, सुरक्षित राहा' असं गाणं लागलं. ते इतका वेळ चाललं की गोरख्याला चालीसकट पाठ झालं. मंग फोन कटला. परत लावला, परत गाणं. शेवटी एस्टीनं जालन्याला गेलो.

कक्ष मस्तगडाकडं एका बिल्डिंगीत, दुसऱ्या माळ्यावर. दारावर कागद डकवलेला: 'सुरक्षा जागृती सप्ताह सुरू असल्याने कामकाज बंद आहे.' आत संध्या मॅडम बसल्या होत्या.

"तक्रार ऑनलाइन करायची," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, कॉम्प्युटरच बिघडलाय."

"ज्या संगणकात बिघाड आहे त्याच संगणकावरून करायची. नाहीतर बिघाड खरा की खोटा, आम्हाला कसं कळणार?"

"पण त्याच्यात काहीच उघडत न्हाई."

"मग 'संगणकात काहीच उघडत नाही' असा एक पर्याय आहे तिथं. तो उघडा."

गोरख्या मागून म्हणला, "मॅडम, घराला आग लागली तर आत बसूनच फोन करायचा का?"

मॅडमनी त्याच्या हातात एक माहितीपत्रक दिलं. पहिलीच सूचना होती, 'अनोळखी क्रमांकावर संपर्क साधू नका.' ती वाचून होईपर्यंत मॅडमच्याच स्क्रीनवर तो लाल बोर्ड आला. टीं-टीं-टीं. मॅडमनी कोपऱ्यातली फुली दाबून तो घालवला आन चहाचा घोट घेतला.

"मॅडम, हेच ते," मी म्हणलो.

"हे रोजचंय. याच्याकडं लक्ष द्यायचं नसतं."

स्क्रीनच्या कडंला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर पासवर्ड, आन पासवर्डच्या खाली ठळक अक्षरात 'गोपनीय'. आम्ही निघालो तसं मॅडमला दया आली असावी. म्हणाल्या, "नाव-पत्ता सांगून जा. सप्ताह संपला की साहेब बघतील." मी माझा सांगितला.

परतीच्या एस्टीत गोरख्याला बायकोचा, इंद्रायणीचा फोन आला. स्पीकर न लावता बी मला ऐकू आलं. "मेंढरं पाटावर उभी हायत, त्यांच्यासंगं मी बी उभी हाय. तात्याला आणून राह्यले का न्हाई?"

घरी आल्याबरोबर गोरख्यानं स्क्रीनवरचा नंबर लावला. पहिल्या रिंगीत उचलला.

"नमस्कार, हरिओम बोलतोय."

"हरिओम, हरिओम," गोरख्या म्हणला.

"आपली काय सेवा करू?"

गोरख्यानं मोबाईलवर हात ठेवला आन मला म्हणला, "मच्छ्या, ह्यो माणूस सरकारी न्हाई."

हरिओमनं सगळं ऐकून घेतलं. मधी तोडलं न्हाई. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत," म्हणला. त्रास त्यानंच दिल्ता, ते खरं. पण त्या दिवशी दिलगीर झालेला तो एकटाच माणूस. मंग त्यानं फी सांगितली.

"एवढे पैसे न्हाईत साहेब," गोरख्या म्हणला, "एडका देतो. चांगला तयार हाय."

"काय देता?"

"एडका. मेंढा. पत्ता सांगा, जीपमधी बसवून देतो."

पत्ता सांगणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. तो म्हणला, "घरात कुणाचं बँकेत खातं?"

खातं माझ्या आईचं, उषाबाईचं. पण ते केवायसी न्हाई म्हणून बंद होतं. आई बँकेत इतक्यांदा कागद देऊन आल्ती की बँकेचा शिपाई तिला आत्या म्हणायचा. आता बंद खात्यातून चोरी करता येत न्हाई. पैसे बाहेर काढायचे तर आधी ते आत यायला पाहिजेत. हरिओमच्या हे ध्यानात आलं. "आपण काळजी करू नका, मी बघतो," म्हणला आन लांबूनच माझ्या कॉम्प्युटरात शिरला. माउस आपोआप फिरायला लागला. आई हात जोडून बघत होती.

पहिल्यांदा त्यानं माझे तिन्ही अँटिव्हायरस काढून टाकले. "हे काय करून ठेवलंय सर," म्हणला. इतका वेळ तो पुस्तकासारखं बोलत होता, हे वाक्य मात्र मनापासून आलं. कॉम्प्युटर एकदम हलका झाला. मंग त्यानं उषाबाईचा मुलगा म्हणून बँकेला फोन लावला. म्हंजे मी म्हणून. बँकेनं त्याला गाणं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी लावला, परत गाणं. तिसऱ्या दिवशी तो आमच्या फोनवर म्हणला, "काय येडपट कारभार हाय राव ह्यांचा."

"तुम्ही आपल्याच भागातले का?" मी विचारलं.

"ते आपल्याला सांगता येणार नाही," म्हणून तो परत पुस्तकात गेला.

पण पठ्ठ्यानं सोडलं न्हाई. मेलवर मेल, तक्रारीवर तक्रार. आईचं खातं चालू झालं. आईनं आनंदानं शेजारच्या झुंबरबाईला सांगितलं, आन तिथं हरिओमचा घात झाला.

झुंबरबाई येऊन खुर्चीवर बसली आन माझा फोन कानाला लावला. "हरिओम बाळा, मला दुसऱ्याच्याच मीटरचं बिल येऊन राह्यलंय."

"मावशी, मी त्या खात्यातला नाही."

"तसं तर सगळेच म्हणतात बाळा. तू पाह्य."

तिचं बिल दुरुस्त झालं. मंग कुणाचं आधारवरचं नाव, कुणाच्या नळाला पाणी न्हाई, कुणाच्या पोराचा दाखला. माझ्या दारात चपलांचा ढीग. हरिओम प्रत्येकाचं काम करायचा, कारण प्रत्येकाचं खातं कुठंतरी अडकलेलं होतं, आन अडकलेला माणूस लुटता येत न्हाई. जरा कुठं लुटण्यालायक झाला का त्याला ओटीपी विचारायचा. लोक ओटीपीसाठी गच्चीवर जायचे, रेंज शोधायचे, खाली येऊन आकडा सांगायचे. तवर त्याची मुदत संपलेली असायची.

एक दिवस सकाळी त्याचाच फोन आला. आवाज बसलेला.

"सर, मी तुमच्या फाइली उघडून देतो. फी नको. एडका नको. निस्तं माझा नंबर कुणाला देऊ नका. आन तुमच्या आईला सांगा, ओटीपी कुणाला सांगत जाऊ नका. लोक वाईट असतात."

कुलूप गेलं. मी फाइल लावली. खोलीत तात्यांची हाळी घुमली, आन झुंबरबाईची शेळी खुंटा उपटून माझ्या दारात येऊन उभी राह्यली.

"आन सर, फाइलींची कॉपी ठेवत जा," हरिओम म्हणला. "आमच्याकडं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या सगळ्या फाइलींची कॉपी असती. धंद्याची शिस्त असती ती."

मी गोरख्याला फोन केला. "तात्या सुटला. मोबाईल घेऊन ये."

"सांजच्याला येतो," तो म्हणला. मी कॉपी काढली न्हाई. म्हणलं, येईल तवा त्याच्याच मोबाईलमधी टाकू.

दुपारी जीप आली. जागृती सप्ताह लांबत लांबत एकदाचा संपला होता आन त्याचं फलित दाखवायचं होतं. कक्षाचे राजानंद साहेब उतरले, मागून फोटोग्राफर, त्याच्या मागून बॅनर.

"तक्रारदार आपणच ना?"

"साहेब, काम झालं. मी तक्रार मागं घेतो."

"मागे घेणं ऑनलाइन असतं. याच संगणकावरून."

"मंग लगेच करतो."

"आता करता येणार नाही. हा संगणक पुरावा आहे. पुराव्याला हात लावता येत नाही."

"साहेब, निस्ती एक फाइल घेऊ द्या."

"कसली फाइल?"

"मेंढरांना बोलवायची."

साहेबांनी वर पाह्यलं, मंग कागदावर लिहिलं: 'एक संशयास्पद फाइल.'

कॉम्प्युटर पांढऱ्या कपड्यात बांधला. सील मारताना मी विचारलं, "सुरक्षित राहील ना साहेब?"

"संपूर्ण सुरक्षित. आम्हालासुद्धा उघडता येत नाही."

हरिओमचा नंबर साहेबांनी त्याच दिवशी बंद केला. मला 'सुरक्षित नागरिक' म्हणून प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. साहेबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या कॉम्प्युटरात आता हॅकर शिरू शकत न्हाई, व्हायरस शिरू शकत न्हाई, लाईटसुद्धा शिरू शकत न्हाई.

सांजच्याला गोरख्या आला. मोबाईल फुल चार्ज करून आणलेला. टेबलावर निस्ता कॉम्प्युटरच्या आकाराचा स्वच्छ चौकोन, चहूबाजूनं धूळ. तो उभाच राह्यला.

"तात्या?"

"सीलबंद."

चौकोनावर बोट फिरवत तो म्हणला, "आता तात्या कुठं कुठं हाय?"

"एक साहेबाकडं. एक हरिओमकडं."

"साहेबाकडला कवा सुटंल?"

"तपास पूर्ण झाल्यावर."

"आन तपास?"

"त्यासाठी हरिओम सापडाया पाहिजे."

गोरख्यानं हरिओमचा नंबर लावला. एक बाई म्हणली, हा क्रमांक सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात आला आहे. त्यानं मोबाईल खिशात ठेवला. "चांगलं माणूस व्हतं," म्हणला. "पहिल्या रिंगीत उचलायचं."

आता तुम्ही. तुमच्या स्क्रीनवर बी तो लाल बोर्ड येत असंल. तुम्ही हुशार, फुली दाबून घालवत असाल. आम्हा दोघांना हसून बी राह्यले असाल. हसा, हरकत न्हाई. फक्त एक आठवून सांगा, तुमचा फोन शेवटचा पहिल्या रिंगीत कुणी उचलल्ता? तुमचं गाऱ्हाणं मधी न तोडता कुणी ऐकल्तं? असा कुणी आठवला, तर तो तोच आहे. फुली दाबू नका. नंबर मला पाठवा.

कारण गोरख्या त्या सांजला पाटावर निघाला तवा मी त्याला आडवा झालो. इंद्रायणी अजून तिथंच उभी होती, कळपासंगं. मी म्हणलो, "गोरख्या, शब्द देतो. हरिओमला हुडकून तुझा तात्या आणून देईन. आन सापडला, तर आईची शपथ, साहेबाला न्हाई, झुंबरबाईला न्हाई, कुणालाच कळवणार न्हाई."