आस्ताबाई पुन्हा नववीत

होल्मेबी नगरपालिकेने नागरिकांचे वय जन्मतारखेऐवजी मेंदूच्या नकाशावरून धरण्याचा ठराव एकमताने संमत केला, तेव्हा कोणाचीच हरकत नव्हती. मेंदूतले धागे जन्मभर जुळतात, तुटतात, वाटा बदलतात. ते यंत्राने पाहिले की माणूस साधारणपणे केवढा ते कळते, असे शास्त्रज्ञ म्हणाले होते. ‘साधारणपणे’ हा शब्द नगरपालिकेने जागेअभावी गाळला.

आस्ता लिंडेगोर या निवृत्त गणितशिक्षिका. वय एकाहत्तर. नुकत्याच अकॉर्डियन शिकू लागल्या होत्या आणि वादात हरल्या तर चक्क स्वतःचे मत बदलत. त्यांचा नकाशा पाहून नगरपालिकेच्या खिडकीपलीकडचा केल्ड नावाचा अधिकारी गंभीर झाला.

“अभिनंदन, आस्ताबाई. तुम्ही पंधरा वर्षांच्या आहात.”

“अरे, माझ्या गुडघ्यांना विचार की जरा!”

“गुडघे आमच्या खात्यात येत नाहीत.”

पंधराव्या वर्षी पेन्शन मिळत नाही, एकटीने राहता येत नाही आणि शाळा सक्तीची असते. सोमवारी आस्ताबाई नववीच्या वर्गात बसल्या. शिकवायला हेन्रिक. त्याला त्यांनीच अपूर्णांकांत दोनदा नापास केले होते.

“हेन्रिक, फळ्यावरचा छेद चुकलाय.”

“उलट बोलायचं नाही!” हेन्रिकचा चेहरा आनंदाने उजळला. “उद्या पालकांना घेऊन ये.”

पालक चर्चमागच्या दफनभूमीत होते. नगरपालिकेने ही त्यांची ‘विनापरवाना गैरहजेरी’ मानली आणि मुलगा टोर्बेन याला पालक नेमले. टोर्बेन चव्वेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत साहेब. रोज दुपारी काळ्या पावावर तोच कलेजीचा लगदा, आणि मते कॉलेजात होती तीच, इस्त्रीसुद्धा न मोडलेली. पालकाचाही नकाशा काढणे बंधनकारक होते. निघाला सत्त्याऐंशी.

त्याच दुपारी वृद्धाश्रमाची गाडी कंपनीच्या दारात आली.

“चला आजोबा, सावकाश,” नर्स म्हणाली.

“अहो, माझी मीटिंग आहे!”

“हो हो. आमच्याकडे सगळ्यांचीच असते.”

आता दोघांची जबाबदारी टोर्बेनच्या मुलीवर आली. सिग्ने एकोणीसची, नकाशाने शेहेचाळीस. ती जणू याच दिवसाची वाट बघत होती.

“आजी, दहाच्या आत घरी. आणि अकॉर्डियन अभ्यास झाल्यावर.”

“अगं कार्टे, तुझे लंगोट बदललेत मी!”

“आवाज खाली. बाबांना फोन करायचाय, त्यांची झोपायची वेळ झालीय.”

इथवर आस्ताबाईंना मौजच वाटत होती. पण शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या वृद्धाश्रमात गेल्या, तर टोर्बेन पांघरूण घेऊन खिडकीशी बसलेला, हातात पेजेचा वाडगा.

“आई, बरं आहे गं इथे,” तो म्हणाला. “कोणी काही विचारतच नाही.”

आस्ताबाईंनी त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला. त्यांनी आश्रमाची पुढे खोका असलेली सायकल पळवली, खोक्यात पोराला कोंबले आणि उतारावरून सुसाट बंदरावर आणले. मागून नर्स धावत होती, “आजोबांना थंडी वाजेल!” आस्ताबाईंनी धक्क्यावर पोचताच पोराला सरळ समुद्रात ढकलले आणि मागोमाग स्वतः उडी घेतली.

टोर्बेन किंचाळला. मग त्याने आईला अशी एक शिवी दिली, की ती त्याला येते हे त्यालाच ठाऊक नव्हते. मग तो हसू लागला आणि थांबेचना.

ठिबकत्या अंगाने दोघे नगरपालिकेत पोचले. “काढ आता नकाशा!” आस्ताबाई गरजल्या. केल्डने काढला. टोर्बेन बावीस वर्षांचा निघाला. वृद्धाश्रमातून त्याची तत्काळ सुटका झाली, आणि कंपनीने त्याला बिनपगारी उमेदवार म्हणून पुन्हा घेतले.

दुसऱ्या दिवशी बंदरावर ही गर्दी! महापौर टॉवेल गुंडाळून सर्वांत पुढे, केल्ड त्यांच्या मागे, हेन्रिक नाक दाबून तयार. आस्ताबाई एका पिंपावर चढल्या. “अहो, उड्या कसल्या मारताय? तो नियमच रद्द करा!”

“करू की,” पाण्यातून महापौर म्हणाले. “आधी आमचा आकडा उतरू दे.”

गावकऱ्यांना हसू नका. इथवर येता येता तुम्हीही मनातल्या मनात स्वतःचा नकाशा काढला आहे, आणि त्यातले वय जन्मदाखल्यापेक्षा चांगले दहा-पंधरा वर्षांनी कमीच धरले आहे.