कॅप्टन घाट्यांची भोवळ

आमच्या विमान कंपनीत वैमानिक आजारी पडला तर त्याने खुशाल घरी झोपावं, पण त्याचा आजार सकाळी दहा वाजता ऑफिसात हजर झाला पाहिजे, असा नियम आहे. हजर झालेला आजार खरा की खोटा हे बघायला कंपनीने एक खोली दिली आहे, दोन बाकं दिली आहेत आणि मला बसवलं आहे. मी कुंदा बोकारे, पडताळणी अधिकारी, नागपूर. अधिकारी हा शब्द दारावरच्या पाटीवर आहे, बाकी कुठे नाही.

पूर्वी डॉक्टरची चिठ्ठी चालायची. मग एका दिवाळीत निम्म्या वैमानिकांना एकाच दिवशी जुलाब लागले. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरच्या निघाल्या, आणि तो डॉक्टर निघाला दातांचा. आमचे मॅनेजर चक्रदेव साहेब तेव्हा म्हणाले, "कागद काय वाट्टेल ते सांगतो. आजारालाच बोलवा." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला जे सुचायचं तेच सुचलं. पण साहेबांना सुचलं म्हणजे तो नियम झाला, आणि आजार यायला लागले.

सर्दी येते ती आधी माझ्या टेबलावर शिंकते. कंबरदुखीला टेकायची खुर्ची लागते. मूळव्याध बिचारी दिवसभर उभीच असते, बस म्हटलं तरी बसत नाही. आजारांबद्दल माझी काही तक्रार नाही, बरं का. वेळेवर येतात, अंगठा लावतात, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावत नाहीत. माणसांपेक्षा शंभर पटींनी बरे.

या नियमाविरुद्ध वैमानिक संघटना पेटून उठेल असं मला वाटलं होतं. उठलीही. संघटनेचे सरचिटणीस कॅप्टन ढोमणे फाटकासमोर स्टुलावर उभे राहून गरजले, "वैमानिकाच्या आजाराचा अपमान आम्ही सहन करणार नाही!" मग वाटाघाटी झाल्या, खूप दिवस चालल्या, समोसे आले आणि गेले. शेवटी करार झाला. नियम रद्द करा अशी मागणी त्यात नव्हतीच. त्यात होतं काय, तर आजारांना पंखा, आजारांना न्यायला-आणायला बस, आणि सगळ्यात मोठा विजय म्हणजे संध्याकाळी पाचनंतर कुठलाही आजार ऑफिसात थांबवून ठेवायचा नाही. थांबवायचा झाला तर संघटनेची आगाऊ लेखी संमती हवी. ढोमण्यांनी पेढे वाटले. मलाही एक दिला. खवा आंबट होता.

या सगळ्याच्या बदल्यात कंपनीने एकच छोटंसं कलम मागून घेतलं. आजार ऑफिसात असेल तेवढा वेळ वैमानिक निरोगी धरावा आणि त्याला विमानावर पाठवता यावं. ढोमण्यांनी त्यावर सही केली, कारण तेव्हा ते पंखा किती पात्यांचा असावा यावर भांडून राहिले होते. डोंबलाची संघटना!

कॅप्टन शंतनू घाटेची भोवळ आमच्याकडे आली ती या करारानंतर. शंतनू चांगला पोरगा. विमान असं उतरवतो की झोपलेल्याला हाक मारून उठवावं लागतं. भोवळ त्याच्याहून शांत. कडेच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायची. ती उठून उभी राहिली की पंखा तिरपा दिसायचा आणि माझं टेबल दाराकडे घसरतंय असं वाटायचं, म्हणून ती बिचारी शक्यतो उठायचीच नाही. इतका खरा आजार मी पाहिला नव्हता. मी पहिल्याच दिवशी "खरा" असा शिक्का मारला.

शंतनू घरून फोन करायचा. "कुंदाताई, दिवसभर ठणठणीत असतो हो मी. पाचला ती बसमध्ये बसली की माझं घर फिरायला लागतं. रात्रभर पलंग धरून पडतो. सकाळी परत चकाचक. असं अर्धं अर्धं किती दिवस चालणार?"

मी भोवळीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मला त्यांच्या अंगात चार दिवस सलग राहू द्या. माझं काम उरकेल आणि मी कायमची निघून जाईन. रोज मधेच उठून इथे यावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मला काय हौस आहे का?"

मी हे चक्रदेव साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "चार दिवस घरी राहिलेला आजार आम्ही आजार समजत नाही." मी ढोमण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आजाराने कामाच्या वेळी घरी राहणं म्हणजे आपण लढून मिळवलेली बस रिकामी धावणं. विरोधक काय म्हणतील?" मी कपाळाला हात लावला. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

आणि एका सकाळी चक्रदेवांनी ते छोटंसं कलम बाहेर काढलं. भोवळ ऑफिसात, म्हणजे घाटे निरोगी. त्याला हैदराबादचं विमान दिलं. दुपारी जायचं, चारच्या सुमाराला नागपुरात परत. शंतनू निघताना माझ्या खोलीच्या दारात आला, पण आत आला नाही; भोवळ पाहुण्यासारखी बसली होती, तिच्याकडे नुसतं बघितलं.

"तिला पाचपर्यंत बसवून ठेवा ताई," तो म्हणाला. "मी त्याआधी खाली असेन. मागे दीडशे माणसं असतात हो."

त्याचा आवाज बदलला होता. मी माझी खुर्ची भोवळीच्या बाकाशेजारी ओढून घेतली.

विमान वेळेवर आलं. उतरू दिलं नाही. कुणी तरी बडे पाहुणे त्यांच्या स्वतःच्या विमानाने येणार होते, म्हणून आकाश मोकळं ठेवलं होतं. पाहुणे मात्र कुठे तरी अजून जेवत होते. आमचं विमान वर घिरट्या घालत राहिलं. पावणेपाच झाले तरी घिरट्याच. मी साहेबांना बोलावलं, ढोमण्यांना बोलावलं. दोघं धावत आले, आणि आल्या आल्या एकमेकांना बघून थबकले. वाटाघाटी सोडून ते एका खोलीत कधी येत नाहीत.

"हिला पाचनंतर थांबवायला हवं," मी म्हटलं. "विमान उतरेपर्यंत."

"थांबव की मग," चक्रदेव म्हणाले.

"असं नाही चालत ना बाप्पा!" ढोमणे उसळले. "आगाऊ लेखी संमती पाहिजे."

"मग द्या ना! तुम्हीच सरचिटणीस ना?"

"ताई, तुम्ही काय बोलून राहिल्या? आज एक आजार पाचनंतर थांबला, की उद्या सगळे थांबवतील. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"अहो, वर तुमचाच सभासद आहे!"

"म्हणूनच तर त्याच्या हक्काला धक्का लागू देणार नाही."

मी चक्रदेवांकडे वळले. "साहेब, तुम्ही लिहून द्या, की घाटे आजारी होता आणि त्याला पाठवायला नको होतं. मग ही आपोआप रजेवरची धरता येईल आणि पाचचं कलम हिला लागणार नाही."

"असं लिहिलं तर कंपनीने आजारी वैमानिक उडवला असं होईल," ते घाम पुसत म्हणाले. "नियमाप्रमाणे तो निरोगी आहे. पाच वाजेपर्यंत."

"आणि पाचनंतर?"

"पाचनंतर ऑफिस बंद असतं."

इतका संताप आला मला! दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं, पण आवाज पोकळ आला असता.

तेवढ्यात भोवळ उठली. टेबल दाराकडे कललं. "मॅडम, माझी वेळ झाली," ती म्हणाली. तिलाही रडू येत होतं. "हजेरी उठली की मला माझ्या माणसाकडे जावंच लागतं. तो घरी असो की वर असो. मी अंगाशिवाय राहू शकत नाही."

"दुसरं अंग चालेल?"

"कुणी आपण होऊन ये म्हटलं तर."

मी दोघांकडे पाहिलं. चक्रदेव म्हणाले, मॅनेजरच्या पदाला आजार मंजूर नाही. ढोमणे म्हणाले, त्यांना पुढच्या आठवड्यात वैद्यकीय तपासणी आहे. शिपायाने दिवे घालवायला हात वर केला.

"मेल्यांनो!" मी म्हटलं. "ये गं बाई, माझ्याकडे ये."

ती आली. आधी पंखा गेला, मग भिंत गेली, मग दोन्ही साहेब उलटे लटकलेले दिसले आणि त्या स्थितीत ते जरा बरे वाटले. मी बाकाखाली पडले. कानात सगळं विहिरीतून ऐकू येत होतं, पण बऱ्याच वेळाने शिपाई ओरडला ते नीट ऐकलं, "उतरलं! उतरलं विमान!" दीडशे माणसं खाली आली. एकाने उशीर झाला म्हणून तक्रार केली. मी तिथेच पडल्या पडल्या रडले, लाज वाटली नाही.

मला वाटलं, निदान कुणी पाणी तरी विचारेल. दुसऱ्या दिवशी माझी चौकशी लागली. नवऱ्याने हाताला धरून मला खुर्चीत नेऊन बसवलं. समोर चक्रदेव आणि ढोमणे, दोघं एकाच बाजूला, जन्मात पहिल्यांदा. आरोप असा, की जमिनीवरच्या कर्मचाऱ्याने वैमानिकाचा आजार परवानगीशिवाय वापरला.

शंतनूही आला होता. दुपारी त्याला परत हैदराबाद होतं. तो म्हणाला, "ताईंची काही चूक नाही. त्यांनी दीडशे माणसं वाचवली."

"त्याचा इथे संबंध नाही," चक्रदेव म्हणाले. "आजार मूळ जागी परत गेला पाहिजे. तो घाट्यांकडे जाईल, मग इथे हजर होईल, मग घाटे निरोगी होतील, मग दुपारी उडतील."

"आणि पाच वाजता?" शंतनूने विचारलं. चक्रदेवांनी पुढचा कागद काढला. त्याचा चेहरा उतरला. त्या पोराला हैदराबादच्या वाटेवर नुसतं आभाळ नाही, तर घड्याळही बघत रोज उडावं लागणार होतं, आणि हे दोन ठोंबे शांतपणे माना हलवत होते. मी भोवळीला मनातल्या मनात म्हटलं, जरा थांब, घाई करू नकोस.

मग मी मोठ्याने विचारलं, "परत द्यायचा तो कुणाच्या ताब्यात देऊ? म्हणजे नोंद करायला बरं."

"कंपनीच्या," चक्रदेव म्हणाले. "आजार आमच्या विमानावर काम करताना झाला."

"वा रे वा!" ढोमणे उठलेच. "आजार सभासदाचा. संघटनेमार्फत द्या."

झालं. तासभर तेच. आता आमच्याकडे एक जुनी रीत आहे. संघटना आणि कंपनी यांच्यात ज्या वस्तूवरून वाद असेल ती निकाल लागेपर्यंत दोघांच्या संयुक्त ताब्यात ठेवतात. जिन्याखालच्या वॉटर कूलरला अशीच दोन कुलपं आहेत, एक यांचं, एक त्यांचं, आणि सगळा स्टाफ घरून बाटल्या आणतो. मी म्हटलं, "रीतीप्रमाणे संयुक्त ताबा घ्या. निकाल लागला की बघू."

दोघांना ते एकदम पटलं. आजार एकट्या दुसऱ्याच्या हाती जाईल ही भीती गेली ना! चक्रदेवांनी सही केली. ढोमण्यांनी आधी त्यांची सही नीट वाचली, मग आपली केली, थोडी मोठी. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही दोघं आपण होऊन हिला घेता?"

"घेतो," दोघं एकदम म्हणाले.

माझा पंखा सरळ झाला. भिंत जागेवर आली. इतकं हलकं वाटलं, की मी उठून शंतनूला म्हटलं, "जा बाळा, उडव तुझं विमान. कुणी मागे येत नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, त्या दोघांकडे पाहिलं, माझ्या पाया पडला आणि पळाला.

चक्रदेवांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "खोली उजवीकडे फिरते आहे," ते म्हणाले.

"काहीतरीच!" ढोमण्यांनी डोळे मिटून टेबलाचा पाय धरला. "डावीकडे फिरून राहिली आहे. संघटना हे लेखी देईल."

"कंपनीला डावी दिशा मान्य नाही."

"मग आम्हाला काम बंद करावं लागेल!"

संध्याकाळी शंतनूचं विमान उतरलं, अलगद, नेहमीसारखं. पाच वाजता मी अंगठा लावला आणि घरी गेले. ते दोघं अजून आतच आहेत. दार कोणत्या बाजूला आहे, यावर त्यांच्या वाटाघाटी चालू आहेत.