हायड्राइड कुलपात ठेवावे

बाबूसिंग मास्तरांनी वर्गात कॅल्शियम हायड्राइडवर पाणी टाकलं, निघालेला वायू काडी लावून पेटवला, आणि बघायला वाकलेल्या मुख्याध्यापक पुंडलिकरावांची अर्धी मिशी गेली. साल बासष्टचं, शाळा मारेगावकडची. सोमवारी तपासणी होती. विज्ञानाच्या नव्या वर्गाला मंजुरी मिळणार की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

पुंडलिकरावांनी उरलेल्या मिशीला पीळ देत आदेश लिहिला : 'शाळेतील सर्व हायड्राइड कुलपात ठेवावे. किल्ल्या माझ्याजवळ द्याव्या.'

शिपाई फकिरा तो कागद घेऊन मास्तरांकडे गेला. "सर, हे हायड्राइड कोन्ते कोन्ते?"

मास्तरही तापलेलेच होते. "तीन प्रकार. एक क्षारासारखा, तो बरणीतला. दुसरा धातूचा, तो आपल्या शाळेच्या नशिबात नाही. तिसरा सहसंयुजी. पाणी, अमोनिया."

"पानी बी?"

"त्यायनं 'सर्व' लिहिलं ना? मंग मले कायले विचारतं?"

"अन् अमोन्या कुठी ठेवलाय?"

"मुतारीत डोळे झोंबते ना, तो."

सोमवारी तपासणीचे साहेब एस.टी.त तीन तास हिंदकळून आले आणि उतरताच त्यांनी करंगळी दाखवली. पुंडलिकराव अदबीनं त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेले. मुतारीच्या दाराला कुलूप.

"काहून बे फकिरा, हे कोनं लावलं?"

"म्याच. आत अमोन्या आहे. किल्ल्या तुमच्या कोटात टाकल्या, तिन्ही."

पुंडलिकरावांनी पहिली किल्ली लावली. लागेना.

"ते बरणीची, सर."

दुसरी लावली.

"ते पान्याच्या खोलीची."

"पान्याले कायले कुलूप लावलं बे?"

"पाण्याचं नाव काढू नका," साहेब दातांतून म्हणाले.

तिसरीनं दार उघडलं. साहेब बाहेर आले ते लालबुंद होऊन.

"हायड्राइडचे प्रकार सांगा, मुख्याध्यापक."

पुंडलिकरावांनी फकिराकडे पाहिलं. फकिरानं तिन्ही सांगितले, उदाहरणांसकट. दुसऱ्या प्रकाराला 'आपल्या नशिबात नाही' हेही सोडलं नाही.

शेरा आला : 'विज्ञान शिपायापर्यंत पोचले आहे. वर्गास मंजुरी. मुख्याध्यापकांनी मात्र रोज एक तास रसायनाच्या वर्गात बसावे.'

पुंडलिकरावांनी खाली सही केली. टाकाचं निब मोडलं.

"वही घरूनच आणा, सर," बाबूसिंग मास्तर नम्रपणे म्हणाले. "दोनशे पानी."