पिवळा मार्ग: हलका, सपाट

"शनिवारी पाहुण्यांना घेऊन तू जायचंस," फोस्का म्हणाली. "त्या फेर्राराच्या बाईंनी खास विचारलंय. मी हो म्हणून टाकलं."

नाझारेनो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होता. हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

"घेऊन जायचं म्हणजे कसं?"

"पुढं तू, मागं ते. सायकलवर. आणखी कसं?"

नाझारेनोने ती शेंग सोलली आणि दाणे कचऱ्यात टाकून सालं भांड्यात टाकली. फोस्काने ते पाहिलं.

मार्के प्रांतातल्या टेकड्यांमध्ये त्या दोघा नवराबायकोचं शेतघर होतं. ऑलिव्हची झाडं, चाळीसेक कोंबड्या आणि पाहुण्यांसाठी बारा खोल्या. फाटकावर नाझारेनोने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'सायकलस्वारांचं स्वागत. दुरुस्तीची खोली, सायकल धुवायला पाणी, कपडे धुऊन मिळतील, सकाळी पास्ता. सात मार्ग, मालकाने स्वतः तपासलेले.' पाटीवरचा शब्द न् शब्द खरा होता. मार्ग कशावर बसून तपासले, तेवढं लिहिलेलं नव्हतं.

अडचण एवढीच होती की नाझारेनोला सायकल चालवता येत नव्हती. अठ्ठावन्न वर्षांत कधीच आली नव्हती. लहानपणी शिकायची राहून गेली, तरुणपणी शिकायची लाज वाटली आणि लग्नानंतर त्याच्याकडे तीनचाकी आपे टेम्पो आला. माणूस एकदा तीन चाकांवर गेला की दोनवर उतरत नाही.

सगळा घोटाळा जेवणघरातल्या फोटोने केला होता. फोटोत एकोणीस वर्षांचा नाझारेनो शर्यतीची सायकल धरून उभा होता. सायकल आत्तेभाऊ ग्वाल्तिएरोची होती आणि तो बाजूला लघवीला गेला होता म्हणून नाझारेनोने ती धरली होती. पण आठ वर्षांपूर्वी पहिल्या पाहुण्याने विचारलं, "हे तुम्हीच का?" नाझारेनो म्हणाला, "हो." पाहुणा म्हणाला, "सायकल?" नाझारेनो म्हणाला, "हो, सायकलच." ही दोन्ही उत्तरं खरी होती. बाकीचं पाहुण्यांनी आपापसात ठरवलं. वर्षभरात तो शर्यतीतला माजी खेळाडू झाला आणि तिसऱ्या वर्षी त्याने एक टप्पा जिंकल्याचं त्याच्याच कानावर आलं.

त्यानंतर एका पाहुण्याने त्याच्या पोटऱ्यांकडे बघून म्हटलं, "खेळाडूंच्या पायांवर केस नसतात ना?" नाझारेनो म्हणाला, "हिवाळ्यात वाढवतो." तेव्हापासून तो दर गुरुवारी न्हाणीघरात कडी लावून पाय तासत होता. पाच वर्षं झाली होती.

सात मार्ग त्याने आपेत बसून आखले होते. बसलेल्या माणसाच्या दृष्टीने चढ ही ज्याच्या त्याच्या मताची गोष्ट असते, त्यामुळे सातपैकी पाच मार्ग 'हलके' निघाले. अंतर त्याने सिगारेटींवर मोजलं होतं. एक सिगारेट म्हणजे चार किलोमीटर. वाऱ्याच्या दिवशी सिगारेट लवकर संपते, म्हणून दोन मार्ग कागदावर लिहिलेत त्यापेक्षा बरेच छोटे होते. त्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती.

फेर्राराहून आलेल्या मंडळात अकरा जण होते, बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. फेर्रारात माणूस चालायच्या आधी सायकलवर बसतो, आणि गाव परातीसारखं सपाट. मंडळाच्या अध्यक्षा दिर्चे बाई बहात्तर वर्षांच्या होत्या. जूनमध्ये मंडळाचे आणखी तीस जण इथे आणायचे की नाही, हे त्या शनिवारी ठरवणार होत्या. फोस्काने जूनसाठी पलंगपोसही धुऊन ठेवले होते.

शुक्रवारी सकाळी नाझारेनो लंगडत न्याहारीला आला.

"गुडघा," तो म्हणाला. "जुनं दुखणं. शर्यतीच्या दिवसांपासूनचं." हे पहिलं सरळ खोटं होतं. ते बोलताना त्याचे कान लाल झाले.

"थांबा, थांबा," टेबलाच्या टोकाहून आवाज आला. डॉक्टर तान्क्रेदी रुमालाला हात पुसत उठले. चाळीस वर्षं त्यांनी गुडघेच पाहिले होते. त्यांनी नाझारेनोला खुर्चीवर बसवलं, पाय वर घेतला, वाकवला, फिरवला आणि कान लावून ऐकला.

"कुठं दुखतंय?"

"कुठंकुठं."

"सिन्योर नाझारेनो, चाळीस वर्षांत मी असा गुडघा पाहिला नाही. लहान मुलासारखा आहे. वापरलेलाच वाटत नाही."

"बघा," दिर्चे बाई मंडळींना म्हणाल्या, "खरा खेळाडू शरीर कसं जपतो. आणि पाय बघा जरा."

अकरा जणांनी पाय बघितले. आदल्याच दिवशी गुरुवार होऊन गेला होता.

मग नाझारेनो म्हणाला की त्याची सायकल मोडली आहे. तान्क्रेदींनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: 'कोणतीही दुरुस्ती दहा मिनिटांत.' नाझारेनो म्हणाला की दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे. दिर्चे बाई म्हणाल्या, "अहो, मग आमच्याकडं एक जास्तीची आहे. तुमच्या उंचीचीच."

दुपारी दोन वाजता घरातली सगळी माणसं आडवी झाल्यावर नाझारेनो ती जास्तीची सायकल घेऊन खुराड्यामागे गेला. तिथे एक हिरवी बायकी सायकल वर्षानुवर्षं टेकवलेली असायची. तिच्या दांडीवर कोंबड्या बसत, म्हणून ती कोंबड्यांसाठीच आहे असं तो धरून चालला होता. आधारासाठी त्याने तिचं चाक धरलं. टायर टणक होता. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

पहिल्यांदा तो डावीकडे पडला, दुसऱ्यांदा उजवीकडे. तिसऱ्यांदा बराच वेळ पडला नाही, कारण पुढे ऑलिव्हचं झाड आलं. सातव्यांदा तो पडला तेव्हा कोंबड्याही उडायच्या थांबल्या होत्या. नुसत्या बघत होत्या. कोंबड्यांसमोर लाज वाटू शकते हे नाझारेनोला त्या दिवशी कळलं. या गडबडीत शुक्रवारचं एक नेहमीचं काम राहून गेलं.

रात्री जेवताना त्याला तोड सुचली. मोठ्या शर्यतीत प्रमुख माणूस सायकलवर नसतोच, मोटारीत बसून पुढे जातो आणि निशाण दाखवतो.

"तुम्ही पाहुणे," तो म्हणाला. "तुमच्या पुढं सायकल काढणं मला शोभत नाही. मी आपेतून पुढं राहीन. पाणी, पंप, केळी, सगळं सोबत."

दिर्चे बाईंचे डोळे पाणावले. "इतका मोठा माणूस," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःकडं कमीपणा घेतो." नाझारेनोने मान खाली घातली. तेवढंच प्रामाणिकपणे करता येण्यासारखं होतं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता आपे निघाला. मागच्या फळीला लाल फडकं, फडक्यामागे अकरा सायकली. पिवळा मार्ग, अठ्ठावीस किलोमीटर, हलका, सपाट. नाझारेनो खूश होता. पहिला थांबा येईपर्यंत.

पहिला थांबा तेलघाण्यापाशी आला. थांबायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आपे त्या वळणावर आठ वर्षं थांबत आला होता आणि नाझारेनोचा पाय ब्रेकवर आपोआप गेला. आतून एक माणूस तेलाचे दोन डबे घेऊन आला आणि न विचारता मागे ठेवून गेला.

दुसरा थांबा त्याच्या बहिणीच्या, नोरिनाच्या दारात होता.

"आज इतकी माणसं?" नोरिना म्हणाली. "मी एकट्याचीच कॉफी ठेवलीय."

दिर्चे बाईंनी नकाशा उघडला. "इथं 'प्रेक्षणीय स्थळ' लिहिलंय."

"माझं घर?" नोरिनाने मागे वळून आपल्या घराकडे नीट पाहिलं. "लिहू देत. नाझारे, ही कोंबडी फोस्काला दे, आणि परवाचं भांडं परत आण. दर खेपेला विसरतोस."

तिसऱ्या ठिकाणी नकाशावर 'विश्रांती, सुंदर देखावा' असं होतं. ते बारचं दार निघालं. आतून बारवाला ओरडला, "आज बुधवार नाही, नाझारे. पत्त्यांना अजून कुणी आलं नाही."

दिर्चे बाईंनी नकाशाची घडी घातली. आठ वर्षांपूर्वी त्या पहिल्या पाहुण्याने विचारलं तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं, असं नाझारेनोला वाटलं. मग वाटलं, अजूनही सांगता येईल. मग चढ आला.

त्या चढावर आपेत बसलेल्या माणसाला सिगारेट पेटवायला निवांत वेळ मिळतो, एवढीच त्याची आठवण नाझारेनोकडे होती. फेर्रारातल्या लोकांसाठी मात्र जमीन अशी उभी राहिलेली पहिल्यांदाच होती. दोनशे मीटरवर चार जण उतरले. चारशेवर बाकीचे उतरले. तान्क्रेदींनी एका दगडावर बसून स्वतःचा गुडघा तपासला. नाझारेनोने त्यांची सायकल आपेत घेतली. मग दिर्चे बाईंची घेतली, मग आणखी तीन. त्यावर तेलाचे डबे, त्यावर कोंबडी.

शेवटच्या वळणाआधी आपेने दोन आचके दिले आणि तो बंद पडला. काटा तळाला टेकला होता. दर शुक्रवारी पेट्रोल भरायचं काम नाझारेनो करत असे. या शुक्रवारी तो पडण्यात गुंतला होता.

फोनला रेंज नव्हती. बाराचं ऊन होतं.

"कुणीतरी खाली जाऊन पेट्रोल आणायला हवं," दिर्चे बाई म्हणाल्या. "आमच्यातल्या कुणाला हा उतार जमायचा नाही. आमच्याकडं ब्रेक लावतात ते फक्त चर्चसमोर. तुम्ही जा, सिन्योर नाझारेनो. सगळा उतारच आहे. तुम्हाला पायही हलवायला नको."

अकरा जण त्याच्याकडे बघत होते. तान्क्रेदींनी कोंबडी बाजूला केली, वरची सायकल उतरवली आणि त्याच्या हातात दिली. नाझारेनो सायकल धरून उभा राहिला. अगदी फोटोतल्यासारखा.

"मला," तो म्हणाला, आणि थांबला. कान तापले होते, मान तापली होती, तासलेल्या पोटऱ्यासुद्धा तापल्यासारख्या वाटल्या. "मला सायकल येत नाही."

"म्हणजे आता येत नाही?" तान्क्रेदींनी विचारलं. "वयामुळं?"

"कधीच येत नव्हती. फोटोतली ग्वाल्तिएरोची आहे. मार्ग मी यातून आखलेत." त्याने आपेकडे बोट दाखवलं. "तेल आणायला जाता जाता."

"आणि पाय?" दिर्चे बाईंनी हळूच विचारलं.

नाझारेनोने उत्तर दिलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं, कारण तेवढ्यात खालच्या वळणावरून घंटी वाजली.

हिरव्या सायकलवर फोस्का चढ चढून येत होती. अंगात ॲप्रन, पायात घरातल्या चपला, हँडलला गवत कापायच्या यंत्रासाठी ठेवलेल्या पेट्रोलचा डबा. ती उभी राहून पेडल मारत नव्हती, धापा टाकत नव्हती. दळण आणायला निघाल्यासारखी एका लयीत येत होती. मागे कॅरिअरवर एक पीस चिकटलेलं होतं.

"काल तू पेट्रोल भरलं नाहीस," ती उतरत म्हणाली. "म्हटलं, या चढावर अडकशील."

"काल?"

"खिडकीतून दिसतं, नाझारे. सात वेळा मोजलं मी." मग तिची नजर रस्त्यावरच्या सायकलींवर गेली. ती एकीपाशी वाकली, दुसरीपाशी वाकली. "सगळ्या जड गिअरवर? यावर चढवत होता तुम्ही?"

"कुठला गिअर?" दिर्चे बाई म्हणाल्या.

फोस्काने हँडलजवळची खिट्टी दाखवली. अकरा जण खिट्टीकडे बघत राहिले.

"त्याला आम्ही हात लावत नाही," तान्क्रेदी जमिनीकडे बघत म्हणाले. "घेतानाच तशी होती. मला वाटायचं, बाकीच्यांना माहीत असेल."

"मलाही तसंच वाटायचं," दिर्चे बाई म्हणाल्या. त्यांचेही कान लाल झाले होते. अध्यक्षपदाचं त्यांचं चौदावं वर्ष होतं.

आपेच्या टाकीत पेट्रोल ओतता ओतता नाझारेनोने खालच्या आवाजात विचारलं, "तू सायकल कधी शिकलीस?"

"सहा वर्षांची असताना."

"मला कधी बोलली नाहीस."

"एकतीस वर्षं दर बुधवारी मी बाजारात जाते. कशी जात असेन असं वाटलं तुला?"

नाझारेनोने विचार केला. त्याला काहीच वाटलं नव्हतं. भाज्या बुधवारी घरात असायच्या, एवढंच त्याला माहीत होतं.

"बुधवारी आपे कुठं असतो?" फोस्काने विचारलं.

"बारसमोर," नाझारेनो म्हणाला. पेट्रोल थोडं बाहेर सांडलं. एका सकाळीत त्याला बऱ्याच गोष्टींची लाज वाटून झाली होती, पण ही त्या सगळ्यांच्या तळाशी होती आणि तिच्यासाठी कान पुरेसे लाल होईनात.

"आता बुधवारी तू आपे घेऊन जा," तो म्हणाला.

"मला सायकल बरी वाटते. तू पिशव्या आण." मग ती मंडळींकडे वळली. "चला, आपेतल्या सायकली उतरवा आणि खिट्टी अंगठ्यानं आत ढकला. हलकं वाटलं की माझ्यामागं या. पास्ता एक वाजता टाकणार आहे."

फोस्का पुढे, तिच्यामागे अकरा फेर्रारावाले, आणि सगळ्यांच्या मागे कोंबडीसकट आपे. चढ संपेपर्यंत एकही जण उतरला नाही.

जूनमध्ये तीस नाही, चौतीस जण आले. तोपर्यंत पाटी नव्याने रंगवून झाली होती: 'सात मार्ग, मालकिणीने स्वतः सायकल चालवून तपासलेले.' पिवळ्या मार्गापुढे आता 'अवघड' लिहिलं होतं. बारसमोरचा सुंदर देखावा काढून टाकला होता. नोरिनाने हट्ट धरला म्हणून तिचं घर तेवढं प्रेक्षणीय राहिलं.

फोटो मात्र जागेवरच होता. एक नवा पाहुणा त्याच्यासमोर थांबला.

"हे तुम्हीच का?"

"हो."

"सायकल?"

"सायकलच. पण आत्तेभावाची," नाझारेनो म्हणाला. "मी नुसती धरलीय."

पाहुण्याची नजर खाली घसरली. नाझारेनोने अर्धी चड्डी घातली होती आणि आदल्या दिवशी गुरुवार होता.

"मग पाय असे कसे?"

नाझारेनोने तोंड उघडलं. पण त्याआधीच स्वयंपाकघरातून फोस्काचा आवाज आला.

"ते तेवढं राहू दे, नाझारे. मला सवय झालीय."