तेरा पांढरे कागद

मिलवॉकीत तेवीस वर्षं मी चित्रांना फ्रेमा करतोय. या हातांनी आजवर एक कागद बिघडवला असेल तर दाखवा! सुरकुतलेला, पोक आलेला कसलाही कागद आणा, माझ्या गरम प्रेसमध्ये घातला की इस्त्रीच्या सदऱ्यासारखा सपाट. तेव्हा मी चिडलो होतो, आणि चिडायचा मला पूर्ण हक्क होता! निदान शुक्रवार दुपारपर्यंत तरी.

मंगळवारी सकाळी लेनोरा क्विस्ट नावाच्या चित्रकार बाईंनी दुकानात एक पाकीट टाकलं. "बारा चित्रं. शुक्रवारी सहाला प्रदर्शन," एवढंच बोलून गेल्या. अकरा वर्षांनी भरणारं प्रदर्शन, आणि विषय काय, तर म्हणे शब्द! पाकीट उघडलं तर आत तेरा कोरे पांढरे कागद. सगळे खडबडीत!

"चित्रांच्या पाठीला लावायचे दिसतात," मी बायकोला म्हणालो. "तळघरात ठेवून वाट लावलीय बाईंनी. ओल धरलीय बघ, डोरीन."

"आधी चष्मा लाव."

"कोऱ्या कागदात वाचायचंय काय?"

तेराही कागद गुळगुळीत करून टाकले आणि बाईंना फोन लावला. "पाठीचे कागद तयार आहेत. चित्रं कधी आणताय?"

"पाठीचे कसले? तीच चित्रं आहेत! शाई न लावता शब्द दाबून उठवलेत. बोट फिरवा, हाताला लागतील."

मी बोट फिरवलं. हाताला काहीच लागलं नाही.

वीस मिनिटांत बाई दारात हजर, ॲप्रनसकट!

"माझ्या शब्दांना इस्त्री केलीत? दोन वर्षं घातलीत मी त्यात! आता भिंतीवर काय टांगू, तुम्हाला?"

"शाई महाग झाली होती का?" माझंही डोकं फिरलं.

"शब्द दिसायचे नव्हते, जाणवायचे होते!"

"मला नाही जाणवले!"

"याला लग्नाचा वाढदिवससुद्धा जाणवत नाही," डोरीन मध्ये पडली. "बाई, शब्द दाबायचे ठसे शाबूत आहेत ना? मग याला घेऊन जा. तुमच्या छापयंत्राचं चाक फिरवेल हा."

घाण्याला बैल जुंपावा तसा तीन दिवस जुंपला गेलो! खांदे निखळायची वेळ आली. आमच्या गावची दर शुक्रवारची तळलेल्या मासळीची मेजवानीही बुडाली. दुपारी बारावा कागद निघाला, बाईंनी त्यावर बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच हसल्या. तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

"अहो बाई, शब्दांचं प्रदर्शन भरवता, आणि पाकिटात एक शब्द टाकवत नाही? 'दाबू नये' एवढं लिहायला हात मोडले होते का?"

"लिहिलं होतं की! सगळ्यात वरच्या कागदावर. चांगल्या चार ओळी."

"शाईने?"

बाईंनी हवेत बोट फिरवून दाखवलं.

तो तेरावा कागद मला चांगला आठवत होता. बाकीच्यांपेक्षा जास्तच खडबडीत होता मेला, म्हणून मी त्याला दोनदा दाबला होता.